मंचाव सूप, वन बाय टू

जगात तटस्थ म्हणावं असं एकच अन्न आहे आणि ते म्हणजे चायनीज. भाकरीला जात आहे, वरणाला आहे, मटणाच्या रश्श्याला तर पोटजातसुद्धा आहे. मंचुरियन मात्र कुणाच्या आजीनं केलेलं नाही आणि कुणाच्या आजीनं नाकारलेलंही नाही. दोन माणसं एका टेबलावर आणायची असतील तर त्या टेबलावर असंच अन्न पाहिजे. हा सिद्धांत मी पूर्ण विचारांती मांडला आणि तो साधारण दीड दिवस टिकला.

मांडायची वेळ आली ती धम्मप्रिया आणि सोमेशमुळे. धम्मप्रिया ही नांदेडात आमच्याच कॉलनीत राहणाऱ्या मारोती सरांची मुलगी, बँकेत अधिकारी. सर मूळचे नायगावचे, बौद्ध, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सोमेश कृषी खात्यात, नोकरीला नांदेडलाच. त्याचे वडील सिद्रामप्पा, म्हणजे अप्पा, माझा होस्टेलपासूनचा मित्र. मूळचा औशाचा, आता लातूरला ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. लिंगायत, आणि समतेवर न थांबता पाऊण तास बोलू शकणारा. दरवर्षी बसवजयंतीला तो बोलतोही. त्या भाषणात जेवणाचा विषय येत नाही.

पोरांनी नोंदणी विवाहाची नोटीस दिली होती. ही नोटीस तीन महिने चालते, मग आपोआप मरते. त्या तीन महिन्यांतले अकरा आठवडे दोन्ही बापांनी रुसण्यात घालवले. बाराव्या आठवड्यात दोघांनी, वेगवेगळं, 'आमचा विरोध नाही' असं कळवलं. विरोध नाही म्हणजे नक्की काय आहे, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. ते धम्मप्रियानं विचारलं. तिची अट एकच होती. सही करण्याआधी तिचे बाबा आणि सोमेशचे अप्पा एका टेबलावर बसून जेवलेले तिला दिसले पाहिजेत.

"एका ताटात म्हणत न्हाई मी, काका," ती मला म्हणाली. "एका टेबलावर. माझ्या बापाजवळ बसून ज्याच्या घशाखाली घास उतरत न्हाई, त्याच्या घरात मी जाऊन काय करू? जेवले तर सोमवारी सही. न्हाई तर नोटीस मरू द्या. दुसरी मी देणार न्हाई."

सोमवार हा मुदतीचा शेवटचा दिवस. हे ती बुधवारी बोलली. सोमेश शेजारी उभा होता आणि मोबाइलच्या बंद पडद्याकडे बघत होता. मध्यस्थ म्हणून माझी निवड झाली, कारण दोन्ही घरांशी बोलणारा माणूस तेवढाच शिल्लक होता.

सरांच्या घरी जेवायचं म्हटलं की अप्पाला काहीतरी काम निघायचं. अप्पाच्या घरी म्हटलं की सर विचारायचे, ताटं सगळ्यांना एकाच मांडणीतली काढणार का, ते आधी कळवा. बरं, भाकरी-पिठल्याची खानावळ बघावी तर गावातल्या नावाजलेल्या खानावळी अप्पाच्याच भाऊबंदांच्या. तिथं सर पाहुणे झाले असते आणि अप्पा घरमालक. बिर्याणीचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून चायनीज. दोघांनीही ते जन्मात खाल्लेलं नव्हतं, ही मी जमेची बाजू धरली. कोंडाबाई आणि सिद्धम्मा यांना, म्हणजे दोघांच्या बायकांना, पुढच्या बैठकीला बोलवू असं दोघा बापांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

रविवारी दुपारी एक ही वेळ ठरली. संध्याकाळच्या पूजेनंतर अप्पा बाहेरचं काही घेत नाही.

गुरुवारी रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, हॉटेलात मांस शिजत असेल तर मी येणार न्हाई. मी म्हटलं, वेगळी कढई असली तर? तो म्हणाला, कढई वेगळी असती रे वैजनाथ, झारा एकच असतो.

शुक्रवारी सकाळी फिरताना मारोती सर भेटले. शाकाहारी बसू म्हणाले, आपली काही हरकत नाही. मग चार पावलं चालून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "फक्त पाटीवर 'शुद्ध' हा लफ्ज नको."

मी म्हणणार होतो की सर, ती पेंटर लोकांची सवय असते. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला आणि माझं वाक्य मागं राहिलं.

आता पाण्याच्या टाकीपासून आयटीआयपर्यंत आमच्या रस्त्यावर चायनीजची अकरा ठिकाणं आहेत. लोकसंख्येच्या मानानं ही संख्या डॉक्टरांपेक्षा जास्त आहे. त्यातले सात गाडे. ते पाचनंतर लागतात आणि दिवसा तिथं फक्त उलटी ठेवलेली स्टुलं दिसतात. राहिले चार. पहिल्या मालकानं दोन कढया असल्याचं छातीवर हात ठेवून सांगितलं. दुसरी कढई कुठंय विचारल्यावर ती पाव्हण्यांकडं गेल्याचं कळलं. दुसऱ्याच्या काचेवर चिकन लॉलीपॉपचा फोटो दाराएवढा मोठा. तिसरीकडं मांस नव्हतं, फक्त अंडं होतं. अप्पाला फोन करून विचारलं, अंडं मांसात धरायचं का. त्यानं बराच विचार केला. इतिहासाचा माणूस. धरायचं म्हणाला.

चौथं 'ग्रीन बाऊल'. मांस नाही, अंडं नाही, एसी आहे, टेबलं स्वच्छ. मालक मलप्पा, देगलूरकडचा, शांत माणूस. आणि दारावर आठ फुटी पाटी. त्यात हॉटेलचं नाव लहान, 'शाकाहारी' मध्यम आणि 'शुद्ध' एवढं मोठं की रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून वाचता यावं.

म्हणजे ज्यांच्या पाटीवर तो शब्द नव्हता त्यांच्याकडं मांस होतं आणि ज्यांच्याकडं मांस नव्हतं त्यांना ते सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. मांस न विकून गप्प बसलेला माणूस अख्ख्या रस्त्यावर मिळाला नाही.

शनिवारी मी मलप्पाला खरं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. अक्षरं लोखंडी आहेत, वेल्डिंग केलेलं आहे, काढायची म्हटली तर भिंत येईल, असं तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्यानं तोडगाही काढला. "वाढदिवसाचा फ्लेक्स लावू सर. त्याला कुणी हात लावत न्हाई."

फ्लेक्सच्या दुकानात कुणीतरी न्यायचा राहिलेला एक पडून होता. एक भावी नगरसेवक, पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. वाढदिवस होऊन महिना झालेला, पण तारीख खाली बारीक होती. आम्ही तो संध्याकाळी तारेनं बांधला, तो खाली दाराशेजारच्या काचेवरही अर्ध्यापर्यंत लोंबला. 'शुद्ध' बरोबर त्यांच्या जाकिटाखाली गेलं. मेनूकार्डाच्या प्रत्येक पानाखालीही तीच ओळ छापलेली होती. मलप्पानं मार्कर आणला आणि आम्ही दोघांनी बसून बारा कार्डं काळी केली. पंचवीस वर्षं मी मुलांना राज्यशास्त्र शिकवतोय. प्रत्यक्ष राज्यकारभार केला तो त्या एका संध्याकाळी.

रविवारी अप्पा पावणेएकलाच आला. लातूरच्या गाडीतून उतरून थेट. कपाळावर भस्म, खांद्याला पिशवी. दारात थांबून त्यानं फ्लेक्स वाचला आणि कुणाचा वाढदिवस विचारलं. मी म्हटलं, इथलेच आहेत एक.

"शाकाहारीच हाय ना हे? कुठं लिहिलेलं दिसत न्हाई."

इथं माझ्या लक्षात आलं की मी एकाची अट झाकताना दुसऱ्याची खात्री झाकली होती. मी शपथेवर सांगितलं. अप्पानं शपथ ऐकली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, नाक वर करून दोनदा श्वास घेतला आणि परत आला. चेहऱ्यावरून निकाल कळेना.

सोमेश आधीच कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. अप्पा तिकडं वळणार तोच त्याला गल्ल्यावरची मूर्ती दिसली. ही मूर्ती मी दोन दिवसांत चारदा पाहिली होती आणि एकदाही मनात आलं नव्हतं. सोनेरी, टक्कल, पोट सुटलेलं, तोंडभर हसणारी. चायनीजच्या गल्ल्यावर असते तीच. मलप्पानं तिच्यासमोर उदबत्ती लावली होती.

अप्पाच्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी सांगू शकतो, कारण माणूस चांगला आहे. व्याह्यांचं दैवत समोर आहे, व्याही येतच असतील, सुरुवात आपण करावी. त्यानं चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून खाली वाकला. आणि दार ढकलून मारोती सर आत आले. मागं धम्मप्रिया, हातात लग्नाच्या कागदांची फाइल.

सर अप्पाची पाठ बघत उभे राहिले. अप्पा सरळ झाला, वळला, हसला.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"तुमचे भगवान," अप्पा म्हणाला.

एसीचा आवाज यायला लागला. तो आधीपासून असणार.

"आमचे न्हाईत," सर म्हणाले.

अप्पानं मूर्तीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मलप्पाला वाटलं आपण मदत करावी. तो म्हणाला, "बरकतीसाठी ठेवलंय सर. पोटावरून हात फिरवायचा असतो." कुणी हात फिरवला नाही. अप्पानं वाकून चपला घातल्या. घाईत उजव्या पायाला डावी गेली, ती त्यानं परत काढली. एवढा वेळ सर तिथंच उभे होते.

आम्ही बसलो. एका बाजूला अप्पा आणि सोमेश, समोर सर आणि धम्मप्रिया, टोकाला मी. धम्मप्रियानं फाइल टेबलावर स्वतःपुढं ठेवली, ताट ठेवतात तशी. मलप्पानं कार्डं वाटली. बराच वेळ सगळे वाचत राहिले. ट्रिपल शेजवान हा शब्द अप्पानं ओठ हलवून दोनदा वाचला.

सर पदार्थ वाचत नव्हते. त्यांचा अंगठा पानाखालच्या काळ्या पट्टीवरून फिरत होता. त्यांनी पान उलटलं, तिथंही पट्टी. पुढचं उलटलं. मग कार्ड मिटून ठेवलं.

"मी रोज सकाळी इथूनच जातो," सर मला म्हणाले. "कालपर्यंत पाटी होती. आज वाढदिवस हाय."

सर अप्पाकडं वळले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. आवाज न चढवता वर्ग गप्प करणारे मास्तर असतात, त्यातले ते.

"सिद्रामप्पा, एक काम करा. बाहेर जाऊन त्या फ्लेक्सच्या मागं काय हाय ते वाचून या."

अप्पाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटलं असावं की आपल्यापासून काहीतरी लपवलंय, बहुतेक कोंबडी. तो उठला, आणि उठताना खुर्चीला अडकवलेली पिशवी त्यानं खांद्याला लावली.

ती पिशवी आम्ही चौघांनीही पाहिली. लातूरच्या गाड्यांचा थांबा तिथून दीडशे पावलांवर.

काचेतून अप्पा कमरेपासून खाली तेवढा दिसत होता. वरचं सगळं नगरसेवकांनी अडवलं होतं. धोतराचे सोगे, चपला, पिशवीचं टोक. चपलांतल्या टाचा उचलल्या गेल्या, म्हणजे तो फ्लेक्सचं टोक वर करून बघत असणार. मग टाचा खाली आल्या. मग त्या तशाच राहिल्या. रस्त्यानं एक बस गेली. सोमेश अर्धवट उठला.

"बस," धम्मप्रिया म्हणाली. तो बसला. तिनं फाइलीची दोरी एकदा सोडली आणि परत बांधली.

चपला वळल्या. कुठल्या दिशेला ते लगेच कळेना. दार उघडून अप्पा आत आला, जागेवर बसला, पिशवी मांडीवर ठेवली.

"शुद्ध शाकाहारी लिहिलंय," तो म्हणाला.

"हाव," सर म्हणाले. "नायगावला स्टँडपाशी एक हॉटेल होतं. त्याच्यावर पण हेच लिहिलेलं. माझे वडील बाहेर उभे राहून चहा प्यायचे. त्यांचा कप खिळ्याला टांगलेला असायचा, तो त्यांनीच काढायचा, त्यांनीच धुवायचा. तेवढा वेळ मी पाटी वाचायचो. शाळेत अजून काना-मात्रा चालू होत्या. मी पहिलं जोडाक्षर त्या पाटीवर शिकलो, सिद्रामप्पा. सहा वर्षांचा होतो. त्याच्या पुढं लई वाचलं, पण ते अक्षर दिसलं की मला चहाचा वास येतो."

एवढंच. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

अप्पा समतेवर पाऊण तास बोलू शकतो हे मी सांगितलंच आहे. मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं घसा साफ केला. पिशवीचा बंद हाताला गुंडाळला, सोडला. धम्मप्रिया त्याच्याकडं टक लावून बघत होती. आता तो काहीही बोलला असता तर ते भाषण झालं असतं, आणि ती उठून गेली असती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि कसं कोण जाणे, अप्पालाही कळलं असावं. त्यानं मान वळवली. मलप्पा वही-पेन्सिल घेऊन मघापासून उभाच होता.

"एक मंचाव," अप्पा म्हणाला. "वन बाय टू."

याचा अर्थ सांगायला हवा. होस्टेलवर आम्ही चार वर्षांत एकही अख्खा चहा प्यायलो नाही. एक मागवायचा, दोघांत करायचा. पुढं नोकऱ्या लागल्या, घरं झाली, पण हॉटेलात बसलं की अप्पाच्या तोंडून हेच निघतं, मग समोर चहा असो, सूप असो. यात विचार नसतो. त्या दिवशीही नव्हता, हे मी छातीठोक सांगतो.

एरवी सूप आतूनच दोन वाट्यांत येतं. त्या दिवशी मलप्पा घाबरलेला होता. त्यानं एक भरलेला बाऊल आणला, एक रिकामा. भरलेला वयानं मोठे म्हणून सरांपुढं ठेवला, रिकामा अप्पापुढं, आणि निघून गेला.

सरांना वन बाय टू माहीत नसावं. पुढं आलं ते त्यांनी घेतलं. एक चमचा प्याले. दुसरा प्याले. तिसऱ्याला त्यांची नजर अप्पापुढच्या रिकाम्या बाऊलवर गेली आणि चमचा सुपातच थांबला.

टेबलावरच्या प्रत्येकाला एकच शब्द आठवला होता. उष्टं. तो कुणी उच्चारला नाही. सोमेशनं डोळे खाली घातले. धम्मप्रियानं मात्र घातले नाहीत. तिचे दोन्ही हात फाइलीवर होते, उचलायच्या तयारीत.

सर म्हणाले, "मलप्पा, यांना दुसरं आणा."

"कशाला?" अप्पा म्हणाला. "मग हे सांडायचं का?"

त्यानं हात लांब करून सरांपुढचा बाऊल ओढला. आतला चमचा काढून त्यांच्या बशीत ठेवला. मग वाकून, डोळे बारीक करून, अर्धं सूप आपल्या बाऊलमध्ये ओतलं. दोन्ही बाऊल शेजारी ठेवून पातळी पाहिली. आपल्याकडं बोटभर जास्त आलंय असं दिसल्यावर तेवढं परत ओतलं. सरांचा बाऊल सरकवून त्यांच्यापुढं केला. स्वतःचा उचलला, फुंकर घातली आणि प्याला.

"खारट हाय," अप्पा म्हणाला.

सरांनी आपला चमचा उचलला. प्याले. तोंडात घोळवून पाहिलं.

"लई खारट हाय," ते म्हणाले.

मग दोघांनी मिळून मलप्पाला बोलावलं. पुढची दहा मिनिटं एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक इतिहासाचा प्राध्यापक आळीपाळीनं त्याला मिठाचं प्रमाण शिकवत होते. एकाचं वाक्य अडलं की दुसरा पुरं करत होता. मलप्पानं चूक कबूल केली. नूडल्स आल्यावर त्या काट्यावर का टिकत नाहीत यावरही दोघांचं मत एकच पडलं. मंचुरियनला सर 'काळ्या रश्श्यातले भजे' म्हणाले, आणि अप्पा एवढा हसला की सोमेशनं त्याला पाणी दिलं. 'शुद्ध' या शब्दाबद्दल अप्पा एक अक्षर बोलला नाही. सरांनीही परत काढलं नाही. ते मिटलं होतं असं मी म्हणणार नाही.

धम्मप्रिया काही वेळ नुसती बघत होती. मग तिनं फाइल टेबलावरून उचलून खाली, पायाशी ठेवली आणि ताट पुढं ओढलं.

नंतर मी अप्पाला एकट्याला गाठून विचारलं, ते सूप तू मुद्दाम केलंस का. तो म्हणाला, काय मुद्दाम? मी म्हटलं, त्यांनी प्यालेलं होतं. त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, अख्खं सूप कोण पितं रे.

सोमवारी सिद्धम्मा सकाळच्या गाडीनं आल्या, कोंडाबाई रिक्षानं. साडेबाराला लग्न लागलं. तीन साक्षीदारांत मी एक होतो. फ्लेक्स अजून तिथंच आहे.

सह्या झाल्यावर सगळ्यांनी मिळून जेवायला कुठं जायचं यावर कार्यालयाच्या जिन्यात पाऊण तास चर्चा झाली. मग सर आणि कोंडाबाई घरी जाऊन जेवले, पोरं खोलीवर जेवली, आणि अप्पा व सिद्धम्मा दोनच्या गाडीनं लातूरला जाऊन आपल्या घरी जेवले.